पुसूनही ओली राहणारी रेघ

नवऱ्याला एनस्खेडेच्या विद्यापीठात संशोधनाचं काम मिळालं म्हणून आम्ही इथे आलो. त्याआधी मी पुण्याजवळ भोसरीच्या एका टूलरूममध्ये, साचे आणि हत्यारं बनवण्याच्या कामावर, नऊ वर्षं काढली होती. इथे आल्यावर पाच वर्षं घरीच गेली. मुलगी लहान होती, मला डच येत नव्हतं आणि अर्जांना इतक्या गोड भाषेत नकार यायचे की दोनदा वाचल्याशिवाय तो नकार आहे हे कळायचंही नाही.

मग जर्मनीच्या हद्दीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं. मालक साठीचे होते. पुढच्या मोठ्या खोलीत यंत्रांचे बारीक सुटे भाग व्हायचे. मागे लोखंडी दाराची एक खोली होती, तिथे शिकारीच्या बंदुका दुरुस्त व्हायच्या. त्या कामाचा परवाना मालकांचा होता. मला घेतलं तेव्हा माझीही पोलिसांकडून चौकशी झाली, आणि तरीही मागच्या खोलीत मी जायची ती फक्त त्यांच्यासोबत. संध्याकाळी प्रत्येक बंदूक तिजोरीत गेली ना, हे ते स्वतः बघायचे, मग मला बघायला लावायचे. आईला मी फोनवर 'मशीनचे पार्ट करते' एवढंच सांगितलं होतं.

जानेवारीच्या सुरुवातीला एक म्हातारा शेतकरी आला. मी त्याला ओळखत होते. शहरापासून अकरा किलोमीटरवर त्याचं शेत होतं आणि फाटकाशी अंड्यांचं एक लाकडी कपाट होतं. उन्हाळ्यात आम्ही तिघं सायकलवरून तिथे अंडी आणायला जायचो. मुलगी त्यांना अंडीवाले आजोबा म्हणायची. सत्तरी ओलांडलेले, उंच, खांद्यात जरा वाकलेले. बोलायचे इकडच्या गावरान डचमध्ये, शब्द अर्धे गिळून, आणि मला नेहमी 'मेव्राउ' म्हणायचे, म्हणजे आपल्याकडे शिक्षिकेला आदराने 'बाई' म्हणतात तसं.

त्यांनी आणलेली रायफल लष्करी होती. दुसरं महायुद्ध संपल्यावर एका परक्या सैन्याने विकून टाकलेल्या मालातून त्यांच्या वडिलांनी ती घेतली होती. आधी वडिलांनी आणि मग त्यांनी तिच्यावर आयुष्यभर हरणं मारली. दर हिवाळ्यात त्यांच्या रानातली दोन-तीन हरणं मारायची रीतसर परवानगी त्यांना मिळायची. आता डोळे गेले होते. नेम धरायची नळीच्या टोकावरची माशी, मागची खाच आणि समोरचं हरीण, तिन्ही एका वेळी दिसेनात. त्यांना वर दुर्बीण बसवून हवी होती.

मालकांनी त्यांना नवी रायफल घ्या म्हणून सांगून पाहिलं. अशा जुन्या लष्करी रायफलीवर दुर्बिणीसाठी जागाच नसते. वरच्या पोलादात चार भोकं पाडून, त्यांत आटे कापून दुर्बीण धरणाऱ्या दोन बैठका, एक पुढे आणि एक मागे, स्क्रूने बसवाव्या लागतात. शिवाय बोल्टचा, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या खिटीचा, सरळ दांडा उचलला की दुर्बिणीला आपटतो, म्हणून तो तापवून वाकवावा लागतो. एवढं करूनही पोलाद म्हातारं ते म्हातारंच. आतून ते कसं झालंय हे कुणी सांगू शकत नाही.

म्हातारे ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "मी आहे तोवर हीच."

मालकांनी रायफल हातात घेतली, बोल्ट काढला, नळीतून उजेडाकडे पाहिलं. एरवी इतक्या जुन्या बंदुकीची ते रंगाने तपासणी करत. एक लाल पातळ रंग पोलादावर लावायचा, पुसून टाकायचा आणि वरून पांढरी पूड फवारायची. कुठे केसाएवढा तडा असला तर त्यात मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. त्या आठवड्यात तो रंग संपला होता. मालक म्हणाले, "ही मी तीस वर्षं साफ करतोय. हिला ओळखतो मी."

भोकं पाडायचं काम त्यांनी मला दिलं. त्यांच्या हाताला हल्ली बारीक कंप यायचा. आम्हा दोघांनाही तो माहीत होता, त्यावर बोलणं कधी झालं नव्हतं.

तो गुरुवार होता. बाहेर सकाळपासून धुकं होतं आणि दिवसभर ते हटलं नाही. वर्कशॉपच्या खिडकीतून रस्त्यापलीकडची झाडंही दिसत नव्हती. रायफलीचा सांगाडा मी शिकंज्यात नीट पकडला, डायल लावून तीनदा मोजमाप घेतलं. पहिलं ड्रिल पोलादाला टेकलं आणि किंचाळलं. वरचा थर इतका कडक होता की ड्रिल त्यावर नुसतं फिरत राहिलं, आणि मग टोकाशी तुटलं. मालक मागून बघत होते. त्यांनी कडक धातूचं दुसरं ड्रिल पुढे केलं. मला घाम फुटला होता. खोलीत थंडी होती, तरी.

दुसऱ्या ड्रिलने भोक पडलं. मग दुसरं, तिसरं. चौथ्याशी, म्हणजे पुढच्या बैठकीच्या दुसऱ्या भोकाशी, एक क्षण हाताला काहीतरी वेगळं लागलं. आवाज नव्हता. कडक वाटेवर चालताना एखादं पाऊल मऊ जमिनीत पडावं तसं ड्रिल जरासं पुढे सरकलं. मी थांबवलं, पाहिलं, पुन्हा चालवलं.

भोकं झाल्यावर तेल पुसताना मला ती रेघ दिसली. भोकाच्या कडेपासून मागे गेलेली, नखाच्या पांढऱ्या कडेएवढी लांब. फडक्याने पुसली आणि ती गेली. ओरखडा असेल, असं मनात म्हणत मी चहाला गेले. परत आले तेव्हा त्या जागी पुन्हा तेलाची बारीक ओली रेघ होती.

भोसरीत आमच्या फोरमन काकांचं एक वाक्य होतं. नव्या पोरांना ते पहिल्याच आठवड्यात ऐकवायचे: पुसला की कोरडा राहतो तो ओरखडा, पुसूनही ओला होतो तो तडा. हे वाक्य मला त्या क्षणी आठवलं नाही असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. ते आठवलं. मी फडकं घेतलं, पुन्हा पुसलं, आणि तिसऱ्यांदा बघायला थांबले नाही.

कारण सांगायचं तर पाच वर्षांनी मिळालेलं काम होतं ते. मालकांनी स्वतःच्या हातातलं काम पहिल्यांदाच माझ्या हातात दिलं होतं. त्यात मी एक ड्रिल मोडून बसले होते. आता मी म्हटलं असतं की तडा आहे, तर पुढचा प्रश्न कुणाचा आणि कसा आला असता, हे मला दिसत होतं. मी बैठक त्या जागी ठेवली, स्क्रू आवळले. रेघ बैठकीखाली जवळजवळ पूर्ण झाकली गेली. मागच्या बाजूला थोडी बाहेर राहत होती, ती मालकांच्या नजरेत आली नाही, संध्याकाळी त्यांनी त्या भागावर काळा मुलामा चढवला. दुर्बीण बसली. मालकांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि काम सुरेख झालंय म्हणाले.

शुक्रवारी मला सुट्टी असायची. त्या सकाळी म्हातारे येऊन रायफल घेऊन जाणार होते, आणि दुपारी मालक बायकोबरोबर समुद्राकडे दोन दिवस जाणार होते. शुक्रवारभर मी घर आवरत होते. आवरून झालेलं पुन्हा आवरत होते.

शनिवारी सकाळी पोह्यांसाठी मी एक पांढरी वाटी काढली. ती पुण्याहून आलेली जुनी वाटी होती. तिच्या तळाशी एक पिवळी रेघ होती. किती वेळा घासली असेल, पण हळद त्या चिरेत गेली ती गेलीच. मी वाटी हातात धरून उभी राहिले. मग ती ओट्यावर ठेवली आणि मालकांना फोन लावला. फोन बंद होता. पुन्हा लावला. मग संदेश लिहिला: पुढच्या बैठकीखाली बहुधा तडा आहे, रायफल झाडू नये. 'गुरुवारी दिसला' असंही लिहिलं होतं. पाठवण्याआधी ते दोन शब्द खोडले.

म्हाताऱ्यांचा नंबर माझ्याकडे नव्हता. तो वर्कशॉपच्या कपाटात होता आणि किल्ली मालकांकडे.

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. तो म्हणाला की मालकांना कळवलं आहेस, आता जबाबदारी त्यांची. पोलिसांना कळवावं का, असं मी विचारलं. त्यावर तो म्हणाला, नुसत्या शंकेवरून म्हाताऱ्याच्या दारात पोलीस उभे राहतील आणि त्याचा परवाना जाईल. मग थोडं थांबून म्हणाला, "आणि काही झालंच, तर पहिला प्रश्न तुलाच विचारतील. भोक कुणी पाडलं."

"म्हणूनच जाते," मी म्हटलं.

त्या दिवशी अकरा वाजता मुलीची पोहण्याची परीक्षा होती. इथे मुलांना अंगातल्या कपड्यांसकट पाण्यात उडी मारून पोहावं लागतं, आणि तिने महिनाभर त्याचीच तयारी केली होती. गाडी त्यांना लागणार होती. मी सायकल काढली. मुलगी दारात उभी राहून डचमध्ये विचारत होती की तू येणार ना. मी मराठीत हो म्हटलं.

धुकं गुरुवारपेक्षा दाट होतं. शहर सुटल्यावर सायकलवाटेच्या पुढे दहा पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं. गवतावर पांढरं दव गोठलं होतं. समोरून कुणी आलं तर आधी दिवा दिसायचा, मग माणूस. अर्ध्या वाटेवर असताना पहिला आवाज ऐकला.

बार होता. लांब, बोदा, धुक्यात गुंडाळल्यासारखा. कुठल्या दिशेने आला ते कळलं नाही. मी सायकल थांबवली. एक पाय जमिनीवर टेकून ऐकत राहिले. काहीच नाही. कुत्रा नाही, हाक नाही. मग पुन्हा पॅडल मारायला लागले, आणि दोन-तीन मिनिटांनी दुसरा बार झाला. मला मेलं हायसं वाटलं. दुसरा झाला म्हणजे पहिल्यात काही झालं नव्हतं. मग तिसरा. मी प्रत्येक बारानंतर पुढच्याची वाट बघत सायकल मारत होते, आणि तो यावा असंही वाटत होतं आणि येऊ नये असंही. पाचव्यानंतर बराच वेळ काही आलं नाही. त्या शांततेत मी किती जोरात सायकल मारली ते मला सांगता येणार नाही. गुडघे नंतर दोन दिवस दुखत होते.

दार त्यांच्या बायकोने उघडलं. हाताला कणीक लागलेली, गोऱ्यापान, बुटक्या बाई. त्यांना वाटलं मी अंड्यांसाठी आले. मी माझ्या मोडक्या डचमध्ये रायफल, तडा, धोका एवढे शब्द कसेबसे सांगितले. त्यांना लगेच कळलं नाही. मी बार ऐकल्याचं सांगितलं.

"ती शेजाऱ्यांची गॅसची तोफ," त्या म्हणाल्या. "हंस पिकावर बसतात ना, त्यांना उडवायला. दर थोड्या वेळाने वाजते."

मी विचारलं, सगळे बार तोफेचेच होते का.

त्यांनी यावर विचार केला, आणि त्यांचा चेहरा बदलला. हात पुसून त्यांनी नवऱ्याला फोन लावला. घंटी स्वयंपाकघरातच वाजली. फोन ब्रेडच्या डब्याशेजारी होता.

म्हातारे पहाटे रानाच्या कडेच्या मचाणावर गेले होते. बाईंनी खुंटीवरची दोन नारिंगी जाकिटं काढली, एक मला दिलं आणि गळ्यापर्यंत बंद करायला लावलं. धुक्यात आम्हीच कुणाला हरीण वाटू नये म्हणून. आम्ही शेताच्या बांधावरून निघालो. त्या पुढे, मी मागे. त्या मधूनमधून नवऱ्याला नावाने हाक मारत होत्या. आवाज धुक्यात जात होता आणि तिथेच राहत होता. एकदा तोफ वाजली तेव्हा दोघी एकदम थांबलो. बाईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. आता त्यांनाही फरक सांगता येत नव्हता.

मचाण दिसलं ते आम्ही अगदी खाली पोचल्यावर. लाकडी शिडी, वर फळ्यांची पेटी. वर कुणी नव्हतं. शिडीच्या खालच्या पायरीवर त्यांचा थर्मास होता. बाईंनी पुन्हा हाक मारली. या वेळी त्यांचा आवाज फाटला.

उत्तर उजवीकडून आलं, जवळूनच. नुसतं "हो." मग झाडांतून ते चालत आले. रायफल खांद्याला अडकवलेली, आमच्या दुर्बिणीसकट. धुक्यात काही दिसत नाही म्हणून ते उतरून घरी यायला निघाले होते, वाटेत लघवीला थांबले होते, एवढंच. एकही गोळी झाडली नव्हती.

मी काय सांगायला आले ते या वेळी मला नीट सांगता आलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. बोलणं संपल्यावर त्यांनी रायफल खांद्यावरून काढली, नळी जमिनीकडे केली, बोल्ट मागे ओढला. आतलं काडतूस त्यांच्या तळहातावर आलं. ते त्यांनी खिशात टाकलं.

"काल नेमबाजीच्या मैदानावर बारा झाडल्या," ते म्हणाले. "बसल्या छान."

मग मला म्हणाले, "तुम्हाला हे कधी दिसलं, मेव्राउ?"

खोटं बोलणं अवघड नव्हतं. रायफल त्यांच्या हातात होती, रेघ बैठकीखाली होती, मालक समुद्राकडे होते. मी म्हटलं, "गुरुवारी."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. हवामान बघावं तसं.

"आज शनिवार आहे," ते म्हणाले.

एवढंच. आम्ही तिघं बांधावरून घरी परतलो. बाईंनी स्वयंपाकघरात कॉफी दिली. म्हातारे आत गेले, तिजोरी उघडून बंद केल्याचा आवाज आला, पण ते बाहेर आले नाहीत. मी कॉफी अर्धी ठेवून निघाले. घरी पोचले तेव्हा दीड वाजला होता. मुलगी परीक्षा पास झाली होती. भिजलेले कपडे बाथटबवर टांगलेले होते आणि ती माझ्याशी बोलत नव्हती.

सोमवारी मालकांनी रायफल आणवली आणि माझ्यासमोर दुर्बीण, बैठका सगळं उतरवलं. नवा रंग आला होता. लाल लावला, थांबले, पुसला, पांढरी पूड फवारली. आम्ही दोघं टेबलाच्या दोन बाजूंना उभे होतो. आधी काही दिसलं नाही. मग भोकापासून मागे, हळूहळू, लाल रेघ उमटत गेली. मला गुरुवारी दिसली होती तिच्या तिप्पट लांब होती ती. खाली वळून जिथे काडतूस बसतं त्या भिंतीपर्यंत गेली होती. त्या भिंतीपासून झाडणाऱ्याचा डोळा वीतभर लांब असतो.

मालक स्टुलावर बसले. मी गुरुवारचं सगळं सांगितलं, ड्रिलखाली हाताला जे लागलं तेही. त्यांनी मला दोष दिला नाही. "रंग संपला होता तर काम थांबवायला हवं होतं, ते मी केलं नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण मला दिसलं नव्हतं. तुला दिसलं होतं."

म्हाताऱ्यांनी रायफल मोडीत काढायला संमती दिली. ती द्यायलाही ते स्वतः आले नाहीत, कागद बाई घेऊन आल्या. पोलिसांकडची कागदपत्रं झाल्यावर मालकांनी सांगाडा कापला आणि तडा होता तिथून तो तोडून उघडला. मला त्यांनी जवळ बोलावलं आणि भिंग दिलं. तुटलेल्या पृष्ठभागाचा बराचसा भाग तपकिरी होता, जुन्या गंजाचा. म्हणजे तडा फार वर्षांचा होता, कदाचित वडिलांच्या वेळचा. भोकाला लागून मात्र एक अरुंद पट्टा होता, करंगळीच्या नखाएवढा. तो स्वच्छ होता आणि चकाकत होता. तेवढा तडा नवा होता.

तो माझ्या ड्रिलने वाढला, की शुक्रवारच्या बारा गोळ्यांनी, असं मी विचारलं. मालकांनी दोन्ही तुकडे उजेडात फिरवून पाहिले. हे कुणालाच सांगता येणार नाही, ते म्हणाले. आणि तेराव्या गोळीला टिकलं असतं का, तेही नाही.

मी अजून तिथेच काम करते. अंड्यांना आम्ही दुसरीकडे जातो. म्हाताऱ्यांनी पुढे नवी रायफल घेतली की शिकार सोडली, मला माहीत नाही. मालक त्यांचा विषय काढत नाहीत. मुलीने एकदा विचारलं, अंडीवाल्या आजोबांकडे का जात नाही. मी म्हटलं, लांब पडतं.

त्या दिवशी संध्याकाळी, तुकडे पाहून घरी आल्यावर, नवऱ्याने जेवताना विचारलं होतं की शेवटी काय निघालं, तुझ्या भोकामुळे झालं होतं का.

"आत गंज होता," मी म्हटलं. "जुनाच तडा होता."

त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि भाजी पुढे केली. चकाकणाऱ्या पट्ट्याबद्दल मी त्याला आजवर सांगितलेलं नाही.